जुन्या पेंटियमसाठी लिनक्स कर्नल स्वतः बांधताना: आधी कॅबिनेट उघडा, मग मेनू

मागच्या जूनमध्ये वागळे इस्टेटमधल्या काकांच्या वर्कशॉपची आवराआवर चालू होती. पोटमाळ्यावर जुन्या हिशेबाच्या वह्यांआड एक कॉम्प्युटर निघाला. कधीकाळी पांढरा असावा, आता दुधाच्या चहाचा रंग. पेंटियम २०० एमएमएक्स, ६४ एमबी रॅम. काका म्हणाले, "भंगारवाला वजनावर घेईल, दे टाकून." मी तो रिक्षात घातला आणि नौपाड्याला घरी आणला. पुढचे पाच रविवार त्याच्यापुढे बसून काढले. एकदा जेवताना "कर्नल बसत नाहीये" असं पुटपुटलो, तर आई म्हणाली, "कोण कर्नल? आणि उभे का आहेत?"

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला; मेनूत हवे ते पर्याय टिक करून तो बांधायचा असतो. त्या पाचांतले तीन रविवार एका न केलेल्या टिकपायी गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

तयार लिनक्स टाकून का भागत नाही, ते आधी सांगतो. पेंटियम एमएमएक्स हा १९९७ चा प्रोसेसर, लिनक्सच्या भाषेत 'आय५८६'. डेबियन या तयार लिनक्सने २०१७ च्या ९व्या आवृत्तीपासून किमान आय६८६ (पेंटियम प्रो आणि त्यापुढचे) मागायला सुरुवात केली, आणि २०२५ च्या १३व्या आवृत्तीत तर ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही काढून टाकले. पण लिनक्स कर्नलच्या मूळ कोडमध्ये पेंटियमचा आधार अजून आहे. ३८६ चा आधार २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीत गेला. २०२५ मध्ये ४८६ आणि सुरुवातीचे काही ५८६ वगळण्याचा प्रस्ताव आला, तो टीएससी आणि सीएक्स८ या सोयी नसलेल्या प्रोसेसरबद्दल होता. इंटेलच्या पेंटियममध्ये दोन्ही आहेत. म्हणजे कोड आहे, फक्त कुणी शिजवून वाढत नाही. आपणच चूल पेटवायची.

एक खुलासा: आदेश आणि पर्याय मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. कुठे कॅपिटल लागतात तिथे सांगतो.

जवळ काय काय हवं

- दुसरा, आजचा कॉम्प्युटर, त्यावर ६४ बिट डेबियन किंवा उबंटू. कर्नल इथेच बांधायचा. जुन्या मशीनवर कंपाइल करायचा हट्ट धरू नका.
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरं खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- फोनचा कॅमेरा, वही आणि पेन. वही खरंच हवी.
- हार्ड डिस्कच्या जागी वापरायला ४ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, ते आयडीईला, म्हणजे जुन्या डिस्कच्या जोडणीला, जोडणारा अ‍ॅडॉप्टर आणि यूएसबी कार्ड रीडर.
- नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर सिरियल पोर्टने जोडणारी) आणि यूएसबी ते सिरियल केबल. नसली तरी चालेल असं वाटतं. नसली की मग कळतं.
- सीआर२०३२ सेल.
- पीएस/२ किंवा जुन्या मोठ्या गोल पिनचा कीबोर्ड, मशीनप्रमाणे.

कार्ड, अ‍ॅडॉप्टर, केबल हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं. ग्रँट रोडला उतरायचं. मी त्याच फेरीत १४ इंची काचेचा मॉनिटरही उचलला आणि दादरला गाडी बदलून सामानाच्या डब्यातून ठाण्याला आणला. हा पराक्रम संध्याकाळी सहानंतर करू नका.

१. वीज लावण्याआधी

एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागे लाल स्विच असतो, तो २३० वर आहे ना ते बघा. ११५ वर असताना आपल्या घरच्या प्लगात लावलात तर धडाम आवाज येईल आणि लेख इथेच संपेल.

एटी प्रकारचा एसएमपीएस असेल तर मदरबोर्डला जाणारे दोन वेगळे कनेक्टर दिसतील, पी८ आणि पी९. ते उलटसुलटही बसतात आणि बसले की बोर्ड जातो. लक्षात ठेवायची खूण एकच: दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून.

मग कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकटा असेल तर आधी दुरुस्ती. बोर्डावर नळकांडीसारखी जुनी बॅटरी असेल तर तिच्या आजूबाजूला हिरवट बुरशीसारखं काही आहे का तेही तपासा. त्या बॅटऱ्या गळतात आणि तांब्याच्या रेघा खातात. नाण्यासारखा सेल असेल तर सरळ नवा घाला.

आपल्याकडचा पावसाळा रॅम आणि कार्डांच्या सोनेरी कडांवर काळपट थर चढवतो. रॅम काढा, कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झटका, अल्कोहोलचा बोळा फिरवा. ही युक्ती प्रत्येक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला करतो आणि प्रत्येक जण ती स्वतः शोधल्यासारखी सांगतो. यानंतर एक रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. खराब रॅमवर कर्नल रोज वेगळ्या ठिकाणी कोसळतो आणि आपण कॉन्फिगरेशनला दोष देत बसतो.

जुनी हार्ड डिस्क चालत असेल तर तिची पूर्ण नक्कल आधी काढून ठेवा. काकांच्या डिस्कवर १९९९ ची उधारी निघाली, तीही पाहायला मिळाली.

२. यादी करा, चिप वाचून

सगळं काम या पायरीवर उभं आहे. कर्नलच्या मेनूत हजारो पर्याय आहेत. मशीनमध्ये काय आहे हे माहीत नसेल तर तुम्ही अंदाजाने टिक करत जाल. माहीत असेल तर तासाभराचं काम आहे.

कॅबिनेट उघडा, प्रत्येक मोठ्या चिपचा फोटो घ्या आणि वहीत लिहा. माझ्या वहीतलं पान असं होतं:

- प्रोसेसर: पेंटियम एमएमएक्स, २०० मेगाहर्ट्झ.
- चिपसेट: इंटेल ४३०टीएक्स. बोर्डावर ८२४३९टीएक्स आणि ८२३७१एबी असे दोन चौकोन. यातला दुसरा म्हणजे पीआयआयएक्स४. डिस्कचा कंट्रोलर त्याच्या पोटात आहे, म्हणून हाच महत्त्वाचा.
- नेटवर्क: पीसीआय कार्ड, चिपवर खेकड्याचं चित्र आणि आरटीएल८१३९.
- डिस्प्ले: एस३ कंपनीचं पीसीआय कार्ड.
- आवाज: लांबलचक आयसा (पीसीआयपेक्षा जुन्या खाचेत बसणारं) कार्ड, साउंड ब्लास्टर १६.

मशीन एखाद्या जुन्या लाइव्ह सीडीवरून उठत असेल तर 'एलएसपीसीआय -एनएन' चालवा आणि प्रत्येक ओळीतले कंपनी व उपकरणाचे आकडे टिपून घ्या. रिअलटेकच्या कार्डाला १०ईसी:८१३९ दिसेल, पीआयआयएक्स४ च्या आयडीईला ८०८६:७१११. स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, हे आकडे खरे. आयसा कार्डं मात्र या यादीत येत नाहीत, ती डोळ्यांनीच बघायची. कार्डावर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असतील तर कोणते जोडलेले आहेत त्याचं चित्र काढा.

रॅम वाढवायचा मोह होईल. ४३०टीएक्सचा एल२ कॅशे (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) पहिल्या ६४ एमबीपुरताच काम करतो. १२८ घातलीत तर मशीन उलट मंद वाटू शकतं. मी घालून पाहिली, काढून ठेवली.

३. कर्नलची आवृत्ती ठरवा

मी ६.१२ घेतली. नोव्हेंबर २०२४ ची, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांपैकी एक. कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या.

जुनी पुस्तकं किंवा जुने लेख वाचून हे करणाऱ्यांसाठी इशारा: त्यांत डिस्कला 'एचडीए' म्हटलेलं असतं आणि 'आयडीई सपोर्ट' नावाचा मेनू असतो. ती जुनी आयडीई यंत्रणा २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीत काढून टाकली गेली. आता आयडीई डिस्कसुद्धा लिबएटीए हा कर्नलमधला नवा भाग सांभाळतं आणि तिचं नाव 'एसडीए' असतं. माझे तीन रविवार इथेच कुठेतरी सांडले, पाचव्या पायरीत सांगतो.

४. बांधकामाचं सामान

नव्या कॉम्प्युटरवर ही पॅकेजं लागतील: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह. ६४ बिट मशीनवरचा जीसीसी ३२ बिट कर्नल बांधतो, त्यासाठी वेगळा कंपायलर लागत नाही. फक्त प्रत्येक 'मेक'च्या (बांधणीच्या आदेशाच्या) मागे 'आर्च=आय३८६' लावायचं, आर्च कॅपिटलमध्ये. एकदाही विसरू नका. विसरलात की मेक मुकाट्याने कॉन्फिगरेशन ६४ बिटचं करून ठेवतो.

५. कॉन्फिगरेशन

सुरुवात कुठून करायची यावर मतभेद आहेत. बरेच जण 'टायनीकॉन्फिग' सुचवतात, म्हणजे सगळं बंद करून हवं तेवढंच चालू करायचं. ऐकायला छान. पण त्यात टर्मिनल बंद, स्क्रीनवर संदेश छापणं बंद, एल्फ, म्हणजे लिनक्सचे नेहमीचे, प्रोग्राम चालवणंसुद्धा बंद असतं. पहिल्यांदा करणाऱ्याला नुसता काळा पडदा दिसतो आणि का ते सांगायलाही कुणी नसतं. माझं मत: 'मेक आर्च=आय३८६ आय३८६_डेफकॉन्फिग'ने सुरू करा, तो उठतो याची खात्री करा, मग छाटत चला. प्रत्येक छाटणीनंतर 'डॉट कॉन्फिग' या फाइलची तारीख घालून प्रत ठेवा. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. आणि 'मेक एमआरप्रॉपर' हा आदेश ती पुसून टाकतो. साफसफाईला 'मेक क्लीन' पुरतो.

आता 'मेक आर्च=आय३८६ मेनूकॉन्फिग'. प्रत्येक पर्यायाच्या डावीकडे चौकट किंवा कोन दिसेल. चांदणी म्हणजे तो भाग कर्नलच्या पोटात. एम म्हणजे वेगळी मॉड्यूल फाइल, जी डिस्कवरून नंतर उचलली जाते. आपण इनिटआरडी (बूट होताना ड्रायव्हर पुरवणारी तात्पुरती डिस्क) वापरणार नाही, त्यामुळे डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइलसिस्टम यांना चांदणीच हवी. एम दिलात तर कपाटाची किल्ली कपाटातच राहते.

*प्रोसेसर.* 'प्रोसेसर टाइप अँड फीचर्स'मध्ये 'प्रोसेसर फॅमिली'. मूळ निवड पेंटियम प्रोची असते. ती तशीच ठेवली तर कंपायलर 'सीमूव्ह' नावाची सूचना वापरतो, जी एमएमएक्सला कळत नाही. 'पेंटियम-एमएमएक्स' निवडा. तुमच्याकडे ४८६एसएक्स असेल तर त्यात गणिताचा वेगळा भाग नसतो, त्यासाठी 'मॅथ इम्युलेशन' चालू करावं लागेल. याच मेनूत एसएमपी बंद करा, एकच प्रोसेसर आहे. 'हाय मेमरी सपोर्ट' बंद. प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरचे उपाय बंद केले तरी चालतील. इंटेलच्या पाचव्या कुटुंबातले हे प्रोसेसर सूचना अंदाजाने पुढे चालवत नाहीत, आणि कर्नलच्या स्वतःच्या यादीतही ते निर्धोक म्हणून नोंदलेले आहेत. पत्ता दरवेळी बदलणारा 'रँडमाइज' पर्यायही काढा.

*वीज व्यवस्था.* १९९७ च्या बोर्डावर एसीपीआयच्या नादी लागू नका. त्याऐवजी त्याआधीची पद्धत, एपीएम. मेनूत तो दिसतच नसेल तर 'सस्पेंड टू रॅम' चालू करा, त्याशिवाय एपीएम उगवत नाही. कॅबिनेटला कट्कन आवाज करणारा खरा स्विच असेल तर हेही सोडून द्या. बंद हातानेच करायचं आहे.

*बस.* पीसीआय चालू. 'आयसा सपोर्ट' चालू. प्लग अँड प्लेखाली आयसा पीएनपीसुद्धा.

*डिस्क.* आता ती कहाणी. 'डिव्हाइस ड्रायव्हर्स'मध्ये 'सिरियल एटीए अँड पॅरलल एटीए ड्रायव्हर्स'. आत 'एटीए एसएफएफ सपोर्ट', त्यात 'बीएमडीएमए', आणि त्यात इंटेलचा 'पीआयआयएक्स३, पीआयआयएक्स४' असा उल्लेख असलेला पर्याय, म्हणजे 'एटीए_पीआयआयएक्स'. त्याला चांदणी. इथवर मी बरोबर होतो.

मग छाटणीच्या उत्साहात मी 'स्कझी डिव्हाइस सपोर्ट'मध्ये शिरलो. स्कझी ही डिस्क जोडण्याची आयडीईहून वेगळी पद्धत. म्हटलं, आपल्याकडे कुठली आलीय स्कझी, आणि 'स्कझी डिस्क सपोर्ट'ची टिक काढली. लिबएटीए आयडीई डिस्क पुढे स्कझीच्या वेशातच सादर करतं. स्कझीचा गाभा आपोआप निवडला जातो, पण 'स्कझी डिस्क सपोर्ट' नाही, तो तुम्हालाच द्यावा लागतो. तो नसेल तर कंट्रोलर सापडतो, कार्डाचं नावसुद्धा स्क्रीनवर येतं, आणि तरी 'एसडीए' तयारच होत नाही. मी केबल बदलली, अ‍ॅडॉप्टर बदलला, बायोसची (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रामची) प्रत्येक सेटिंग फिरवली. टिक होती ती आठ ओळी वर. सीडी ड्राइव्ह असेल तर 'स्कझी सीडीरॉम'ही लागेल.

बाकी चिपसेटवाल्यांसाठी: व्हिआ असेल तर 'पाटा_व्हिआ', पहिल्या पिढीतला पीआयआयएक्स असेल तर 'पाटा_ओल्डपीआयआयएक्स', आणि आयसावरचं आयडीई कार्ड असेल तर 'पाटा_लेगसी'.

*फाइलसिस्टम.* कार्डावर ईएक्सटी२ ठेवू: जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, लिहिणं कमी, आणि जुन्या पद्धतीच्या बूटलोडरला (कर्नल उचलून सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) वाचता येतं. कर्नलमध्ये मात्र ईएक्सटी४ ला चांदणी द्या, वेगळा ईएक्सटी२ ड्रायव्हर बंद ठेवा आणि 'यूज ईएक्सटी४ फॉर ईएक्सटी२' चालू करा. शिवाय 'डेव्हटीएमपीएफएस' (उपकरणांच्या फाइल आपोआप तयार करणारं) आणि ते आपोआप जोडण्याचा त्याखालचा पर्याय, दोन्ही.

*नेटवर्क.* इथे ड्रायव्हर कंपनीच्या नावाखाली लपलेले असतात. आधी 'रिअलटेक डिव्हाइसेस' उघडा, मग आत आरटीएल८१३९ साठीचा '८१३९टू'. शेजारीच '८१३९सीपी' दिसेल, तो सी प्लस चिपसाठी आहे, साध्या ८१३९ ला चालत नाही. आरटीएल८०२९ कार्ड असेल तर 'एनई२के-पीसीआय', थ्रीकॉमची बहुतेक पीसीआय कार्डं '३सी५९एक्स'वर चालतात.

*पडदा आणि कीबोर्ड.* 'व्हीजीए टेक्स्ट कन्सोल' चालू राहू द्या. डीआरएमचे, म्हणजे डिस्प्लेचे, सगळे आधुनिक ड्रायव्हर काढा. सिरियल पोर्टमध्ये '८२५०' आणि 'कन्सोल ऑन ८२५०' दोन्हींना चांदणी.

*काय उडवायचं.* वायफाय, ब्लूटूथ, केव्हीएम, एसईलिनक्स, डीबगिंगचा बहुतेक मेनू, न वापरायच्या फाइलसिस्टम. आवाजाचा ड्रायव्हर मात्र काढू नका, त्याला एम द्या, कारण नंतर कळेल. कर्नल दाबण्याची पद्धत जीझिप ठेवा. एक्सझेडने फाइल लहान होते, पण ती उलगडायला पेंटियमला जास्त वेळ लागतो. 'डॉट कॉन्फिग' कर्नलच्या आतच साठवण्याचा पर्याय 'जनरल सेटअप'मध्ये आहे, तो घ्या. सहा महिन्यांनी तुम्ही काय निवडलं होतं हे मशीनच सांगेल.

६. बांधा

'मेक आर्च=आय३८६ -जे८ बीझेडइमेज मॉड्यूल्स'. आठच्या जागी तुमच्या प्रोसेसरचे कोअर. तयार फाइल 'आर्च/एक्स८६/बूट' या फोल्डरमध्ये 'बीझेडइमेज' नावाने मिळते. माझी छाटल्यावर ३ एमबीच्या आसपास भरली.

७. प्रोग्रामही ५८६ चेच हवेत

कर्नल उठला तरी वर काय चालवणार? आजच्या डिस्ट्रोचे (तयार लिनक्सचे) ३२ बिट प्रोग्राम आय६८६ साठी बांधलेले असतात, ते इथे पहिल्याच सूचनेला अडकतील. सगळ्यात कमी डोकेदुखी बिल्डरूटची: त्यात आर्किटेक्चर 'आय३८६' आणि प्रकार 'पेंटियम एमएमएक्स' निवडा. तो स्वतःचा कंपायलर बांधतो, बिझीबॉक्स हा छोट्या आदेशांचा संच बांधतो आणि पूर्ण रूट फाइलसिस्टम हातात देतो. वेळ लागतो. लावा आणि तलावपाळीला चक्कर मारून या.

८. आधी क्यूईएमयूमध्ये उठवा

कार्ड काढा-घाला करण्याआधी खोट्या पेंटियमवर बघा. 'क्यूईएमयू-सिस्टम-आय३८६'ला '-सीपीयू पेंटियम', '-एम ६४', '-कर्नल' आणि डिस्कची प्रतिमा द्या. सोय अशी की क्यूईएमयूच्या नेहमीच्या पीसीमध्ये पीआयआयएक्स३ असतो, त्यामुळे आपला 'एटीए_पीआयआयएक्स'च तिथे तपासला जातो. आरटीएल८१३९ कार्डही लावता येतं.

इथला छुपा खड्डा म्हणजे केव्हीएम. वेग वाढतो म्हणून ते चालू केलंत तर सूचना तुमच्या खऱ्या, नव्या प्रोसेसरवर चालतात, आणि त्याला 'सीमूव्ह' येतंच. चाचणी पास होते, खरं मशीन नापास करतं. केव्हीएमशिवाय चालवा. क्यूईएमयू मग प्रत्येक सूचना तपासतो आणि पेंटियमला न येणारी नाकारतो.

९. कार्ड तयार करा

कार्ड रीडरमध्ये घाला आणि 'एलएसबीएलके'ने नाव दोनदा वाचा. चुकीच्या डिस्कवर लिहिलंत तर परतीचा रस्ता नाही.

विभाजन जुन्या एमबीआर पद्धतीने करा, जीपीटी नको. एकच भाग, त्याला बूटचं निशाण. ईएक्सटी२ ने फॉरमॅट करा, रूट फाइलसिस्टम सुपरयूजर होऊन उलगडा म्हणजे मालकी बरोबर राहते. मॉड्यूल्सही त्यातच बसवा, मेकला 'इन्स्टॉल_मॉड_पाथ' कॅपिटलमध्ये देऊन. बूटलोडर म्हणून एक्स्टलिनक्स: तो बसवा आणि सिसलिनक्सची ४४० बाइटची 'एमबीआर डॉट बिन' कार्डाच्या अगदी सुरुवातीला लिहा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात, मग बायोस म्हणतं डिस्कच नाही.

एक्स्टलिनक्सच्या फाइलमध्ये कर्नलला द्यायची ओळ: 'रूट=/डेव्ह/एसडीए१ आरडब्ल्यू कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० कन्सोल=टीटीवाय०'. टीटीवायमधला एस तेवढा कॅपिटल.

अ‍ॅडॉप्टरबद्दल. मी घेतलेल्या पहिल्या अ‍ॅडॉप्टरवर डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याच्या) रेघा जोडलेल्याच नव्हत्या. दुकानदार म्हणाला, "सगळे असेच येतात." सगळे असेच येत नाहीत. लक्षण असं: बूट होताना मिनिट-मिनिट थांबतं, टाइमआउटच्या ओळी येतात, मग रडतखडत पुढे जातं. असा अ‍ॅडॉप्टर हाती पडलाच तर वरच्या ओळीत 'लिबएटीए.डीएमए=३' जोडा. त्याने फक्त कॉम्पॅक्ट फ्लॅशपुरता डीएमए बंद होतो. कार्ड धीमं चालतं, पण चालतं.

बायोसमध्ये डिस्क ऑटो-डिटेक्ट करून एलबीए निवडा. ४ जीबी कार्ड घेण्यामागचं कारणही बायोसच: त्या काळच्या बऱ्याच बायोसना ८.४ जीबीच्या पुढे दिसत नाही.

१०. पहिला बूट, आणि तो कोसळला तर

सिरियल केबल लावा, नव्या कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडा, वेग ११५२००. मॉनिटरवरच्या ओळी पळून जातात, इथे त्या राहतात. मग स्विच. कोसळण्याचे प्रकार मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची भाषा वेगळी:

"धिस कर्नल रिक्वायर्स अ‍ॅन आय६८६ सीपीयू" अशी सुरुवात: प्रोसेसर फॅमिली चुकली. पाचव्या पायरीवर परत. 'पीएई' किंवा 'सीमूव्ह' नाही अशी तक्रार असेल तरी तेच.

'अनेबल टू माउंट रूट', शेवटी 'अननोन-ब्लॉक(०,०)': कर्नलला डिस्कच सापडली नाही. ड्रायव्हर, नाहीतर ती स्कझी डिस्कची टिक. वरच्या ओळींत कार्डाचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर ड्रायव्हर ठीक आहे आणि टिक विसरली आहे. नावही नसेल तर ड्रायव्हर, केबल किंवा जंपर.

तोच संदेश, पण '(८,१)': डिस्क सापडली, भागही सापडला, फाइलसिस्टम वाचता येत नाही. ईएक्सटी४ ला चांदणीऐवजी एम दिला असणार. कंसातले हे दोन आकडे वाचायला शिकलात की अर्धी वणवण वाचते. पहिल्या रविवारी मी ते वाचलेच नाहीत, "पॅनिक" हा एक शब्द वाचून मीच पॅनिक झालो.

'अटेम्प्टेड टू किल इनिट' आणि एक्झिटकोड ०x०००००००४: कर्नल निर्दोष आहे. चार म्हणजे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. तुमचा इनिट, म्हणजे कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम, ६८६ साठी बांधलेला आहे. सातवी पायरी.

काहीच नाही, नुसता काळा पडदा: सिरियलवर ओळी येत असतील तर व्हीजीए कन्सोल सुटलाय. तिथेही शुकशुकाट असेल तर 'अर्लीप्रिंटके=सिरियल,टीटीवायएस०,११५२००' जोडून पुन्हा. इथेही फक्त एस कॅपिटल.

११. आयसाचा आवाज

आयसा कार्ड स्वतःचं नाव-गाव सांगत नाही, आपणच सांगायचं. जंपरचं काढलेलं चित्र इथे कामी येतं. साउंड ब्लास्टर १६ साठी नेहमीची मांडणी: पोर्ट ०x२२०, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ५, डीएमए८ साठी १ आणि डीएमए१६ साठी ५. 'मॉडप्रोब एसएनडी-एसबी१६'च्या मागे हेच आकडे द्यायचे. मॉड्यूल ठेवल्यामुळे आकडे चुकले तर काढून पुन्हा घालता येतं, कर्नल परत बांधावा लागत नाही.

कार्ड सापडलं पण आवाज तुटक येतो किंवा एकच तुकडा परत परत वाजतो, तर आयआरक्यू ५ कुण्या पीसीआय कार्डाने बळकावला आहे. बायोसच्या 'पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन'मध्ये जाऊन आयआरक्यू ५ 'लेगसी आयसा'च्या नावे राखून ठेवा.

१२. झाकण लावण्याआधी

एका कागदावर कर्नलची आवृत्ती, कॉन्फिगरेशन फाइलची तारीख, जंपरचं चित्र, साउंड कार्डाचे आकडे आणि सेल बदलल्याचा महिना लिहा. दमट हवेत सेलोटेप सुटतो म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, एसएमपीएसच्या पंख्यापासून लांब अडकवा. माझ्या कागदावर शेवटची ओळ आहे: स्कझी डिस्क, चांदणी.